छोट्या लायनीवरून जामसांवलीला

दर शनिवारी संध्याकाळी माझी थोरली जाऊ माझे पाय तेलानं चोळून देत असे आणि मी चोळू देत असे. पाय दुखत नसत. तरी मी ते पुढे करत असे, कारण नको म्हटलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. आडवळणानं लिहिता येत नाही.

आम्ही दोघी जावा. दोघींचे नवरे गेले. घर एक, चूल एक. गाव सौंसरच्या वरच्या अंगाला, पठारावर. खाली काळी जमीन आणि संत्र्याच्या बागा, वर पांढरा दगड. हा दगड चुन्याचा. कुदळ मारली की पिठासारखा भुगा उडतो, आणि विहीर खणायला निघालेला माणूस हात टेकतो. शेती माझा मुलगा पाहतो. जाऊला एकच मुलगी, ती पांढुर्ण्याला दिली आहे. जावई मास्तर. मुलीचं पोट दोनदा पडलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा जाऊनं जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला: बाळंतीण सुखरूप सुटेपर्यंत दर शनिवारी पायी दर्शनाला येईन, गाडीत बसणार नाही. चपलेची सूट तिनं स्वतःच स्वतःला दिली होती. मी विचारलं तर म्हणाली, "देवाले माहीत आहे माह्या टाचा कशा आहे त्या."

काही शनिवार ती गेली. मग गोठ्यात शेणावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेऊन आत सळई टाकली. घरी आली ती लोखंडी वॉकर घेऊन. खाटेवरून न्हाणीपर्यंत आणि परत, एवढंच चालायचं, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

नवस मधे सोडता येत नाही. पण एका चुलीवर जेवणाऱ्या माणसानं तो पुढे चालवला तर देव तो धरतो, असं आमच्याकडे मानतात. घरात माझ्याशिवाय कोण होतं? मुलाला बाग, सुनेला शाळेतली पोरं. जाऊनं माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं. देवधर्माचं मला फार नाही. पण ती पोरगी माझ्या मांडीवर वाढलेली आहे.

पहिला शनिवार मी पक्क्या सडकेनं गेले. मागून टिप्पर, पुढून टिप्पर, अंगावर धूळ. एका ट्रकवाल्यानं इतक्या जवळून भोंगा वाजवला की मी नारळासकट खड्ड्यात उतरले. घरी आले तेव्हा गुडघे सुजलेले. त्या दिवशी जाऊनं पाय चोळले ते मात्र हक्काचं होतं.

दुसऱ्या शनिवारी मी छोट्या लायनीची वाट धरली. आमच्या गावाखालून पूर्वी छोटी गाडी, अरुंद रुळांची आगगाडी, जायची. मोठी लाइन झाली ती सरळ काढली. जुनी वळणं घेत, नाल्याच्या कडेनं, दरड कापून जायची, ती तशीच पडून राहिली. रूळ उचलून नेले. राहिली ती गिट्टी आणि तिच्यातून उगवलेलं गवत. गाडी-घोडा काही येत नाही. कधी गुराखी, कधी मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बाया.

नारळ, तेल, रुईच्या पानांची माळ, पाण्याची बाटली हे सगळं हातात धरून गिट्टीवर चालणं कठीण, म्हणून मी नातीची सायकल बरोबर घेतली. नात नववीत होती तेव्हा शाळेतून मिळालेली. आता ती छिंदवाड्याला शिकते, सायकल कोठ्यात धूळ खात होती. सामान हँडलला अडकवायचं आणि ढकलत न्यायची, एवढाच बेत होता. जाऊलाही तसंच सांगितलं.

"पंक्चर होईल, जड होईल," ती म्हणाली.

"जड झाली तर टाकून येईन."

मला सायकल येते हे सासरी कोणाला ठाऊक नव्हतं. माझं माहेर तिगावचं. बाप सायकलवर भाजी घेऊन स्टेशनावर जायचा. तो झोपला की मी त्याची सायकल काढायची आणि दांडीखालून पाय घालून कैची चालवायची. लग्न झालं आणि ते संपलं. विचारलं कोणी नाही, मी सांगितलं नाही.

गावाखालच्या वळणापासून उतार लागतो. सायकल ढकलणाऱ्याला ती ओढत नेते. थोडी तिच्यामागे धावले, मग वाटलं, बसावं. मुलींची सायकल, मधे दांडी नाही, आणि मी नेसते नऊवारी, काष्टा मारलेला. बसले.

पहिल्यांदा हँडल इतकं थरथरलं की दात वाजले. मग आठवलं की घट्ट धरायचं नसतं. हात ढिले सोडले तर चाक आपली वाट आपण काढतं. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गिट्टीवर चाक सरकतं. नजर चाकापाशी ठेवायची नाही, लांब ठेवायची. हे सगळं पायांना ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं.

त्या वाटेवर एक कटिंग आहे. दोन्ही बाजूंना माणसाच्या कितीतरी वर पांढऱ्या दगडाच्या भिंती, त्यांतून पाणी झिरपतं, त्यावर नेचे उगवलेले. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत शिरलं की अंगाला गारवा लागतो. आवाज फक्त चाकाखालच्या गिट्टीचा, आणि तो भिंतीला आपटून दुप्पट होतो. कटिंग संपली की पूल, त्याखाली खोल नाला आणि पळस. पुढे पुन्हा पठार, दूरवर निळे डोंगर. पुलावर वानरं बसलेली असायची. मला पाहून उठतसुद्धा नसत.

जिथे जुनी लाइन सडकेच्या जवळ येते तिथे मी सायकल घाणेरीच्या झुडपात लपवली, पदर नीट घेतला, आणि उरलेली वाट चालत गेले. देवळात रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईनं विचारलं, "पायी का माय?" मी म्हटलं, "पायी." ते खोटं नव्हतं असं मी स्वतःला समजावलं. नवसात गाडीत बसणार नाही असं होतं. सायकल काही गाडी नव्हे. तिला मीच तर ढकलत होते, पायांनीच.

परत येताना चढ होता. चढावर उतरून चालले, म्हणजे तेवढा नवस खरा, असा हिशेब मनात केला. घरी फार लवकर पोचले असते, म्हणून कटिंगमध्ये बसून शेंगा खाल्ल्या.

संध्याकाळी जाऊ खाटेच्या काठावर बसली, वाटीत ओवा घालून तापवलेलं तेल. "दे पाय."

"राहू द्या बाई, तुमचंच दुखून राहिलं."

"खुबा दुखते, हात नाही दुखत. दे."

तिनं तळवे पाहिले. "फोड नाही आला व तुले एकही. मले तर लिंबाएवढाले यायचे."

"माझी कातडी जाड आहे."

"ते तर लग्न झालं तवापासून पाहून राहिली मी," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. तेलाचा हात टाचेवरून बोटांपर्यंत जायचा. मी छताकडे पाहत बसायची.

असं चालू राहिलं. वेळ खूप उरायचा, त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. मी सायकल पुढे दामटू लागले. दर्शन उरकून परत येताना गावाखालून वळायच्या ऐवजी तशीच लायनीवरून वर, घाटाकडे. तिथे पठार उघडं आहे, झाड नाही, पांढरा दगड उन्हात इतका चमकतो की डोळे मिटावे लागतात. पुढे खोरं एकदम तुटतं आणि जुनी लाइन त्याच्या काठाकाठानं वळत जाते. एक पाय टेकून तिथे उभी राहायची. खाली घारी फिरायच्या. घारीची पाठ मी आयुष्यात तिथेच पाहिली.

एकदा नागपूरकडची तिघं भेटली, दोन पोरं आणि एक पोरगी. डोक्यावर टोप, जाड चाकांच्या सायकली. म्हणाली, आम्ही मुद्दाम अशाच वाटा शोधतो, जिथे मोटारी नाहीत. पोरीनं माझं चाक दाबून पाहिलं.

"आजी, हवा फार आहे. थोडी कमी करा, दगडावर उड्या मारणार नाही."

तिनं फुस्स करून हवा सोडली. खरंच, नंतर सायकल दगडावरून उडायच्या ऐवजी बसून जायला लागली. मग तिनं विचारलं, "कुठे चालल्या?"

"जामसांवलीहून आली. नवस आहे, पुतणीसाठी."

"या वयात! किती श्रद्धा आहे तुमची," ती म्हणाली.

मी पॅडल मारलं आणि निघाले. रागच आला तिचा. तिचं चुकलं काहीच नव्हतं. त्याआधीच्या पाच-सहा तासांत पुतणीची आठवण मला एकदाही आली नव्हती, देवापुढेही नाही. देवापुढे मी विचार करत होते की सायकल झुडपात दिसत तर नसेल.

आता खरं सांगते. पायी नाही गेले याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. देव पावलं मोजत बसतो असं मला वाटत नाही. पण पुतणीला सातवा महिना लागला होता, तिची आई खाटेवर होती, आणि मी शुक्रवारपासून शनिवारची वाट पाहायची. जाऊ समजायची, मला काळजी आहे म्हणून झोप येत नाही.

मग एका शनिवारी ती पाय चोळत असताना पांढुर्ण्याहून जावयाचा फोन आला. पोरीला रक्त जायला लागलं, नागपूरला अस्पतालात घेऊन चाललो आहोत. जाऊच्या हातून वाटी कलंडली. तेल फरशीवर पसरलं, ते कोणी पुसलं नाही.

"शनिवार तर चुकला नाही आपला," ती म्हणाली.

"तू तर जाऊन राहिली बिचारी. मग माह्याच हातून काही झालं असन."

रात्रभर ती आपली चूक शोधत होती. आपण खाटेवर बसून वरणभात खातो, नवस दुसरीच्या अंगावर टाकला, म्हणून देव कोपला, असं तिनं ठरवलं. सकाळी सुनेनं ताट आणलं तर तिनं हात जोडले. पोरगी घरी येईपर्यंत अन्न घेणार नाही. हाड सांधत होतं, गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या होत्या. सून समजावून थकली. मुलगा ओरडला. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

मी अंगणात उभी होते. आत येऊन म्हटलं, "बाई, जेवा. मी पायी जात नाही. सायकलवर जाते."

ती वळली. "काय म्हणते?"

"पहिला शनिवार सोडून सगळे सायकलवर. उतारावर बसते, सपाटीवर बसते. चढावर तेवढी चालते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसली. "माह्या पोटात अन्न जावं म्हणून काहीबी बोलून राहिली. तुले कोठची येते व सायकल!"

"येते."

"जाय व. म्हातारी झाली अन् सायकल."

ती मानेना. शेवटी मी कोठ्यातून सायकल काढली. सुनेनं तिला वॉकर दिला, ती दारापर्यंत आली. मी काष्टा आवळला आणि अंगणात फेरा मारला. तुळशीला वळसा घातला, कोंबड्या उडाल्या, गोठ्यापाशी वळले, परत आले. आमचं अंगण लहान आहे, तिथे वळायला चांगलं यावं लागतं. मला चांगलं येत होतं, तेच वाईट दिसत होतं. शेजारची पोरं कुंपणावर चढून टाळ्या वाजवायला लागली. "आजी, अजून एक! आजी, हात सोडून!"

"पळा रे पोट्टेहो," मी ओरडले आणि उतरले.

जाऊ दाराची चौकट धरून उभी होती. हसू गेलं होतं.

"अन् मी पाय चोळत होती," ती म्हणाली.

"होय."

"तू चोळू देत होती."

"होय."

ती सुनेकडे वळली आणि म्हणाली, "म्हणजे माह्या हातून काही झालं नाही. वाढ."

आणि जेवली. दोन भाकरी खाल्ल्या, माझ्याकडे न पाहता, एकेक घास चांगला चावून. ती जेवत होती याचं मला बरं वाटलं आणि तिथेच बसून राहावंसं वाटेना. त्या दिवसापासून ती माझ्याशी भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोलायची.

पुढच्या शनिवारी पहाटे मी सायकल कोठ्यातच ठेवून चालत निघाले. दाराबाहेर पडले तर अंगणात खट्, खट् आवाज. जाऊ वॉकर घेऊन तुळशीभोवती चालत होती. डॉक्टरनं न्हाणीपर्यंतच सांगितलं होतं.

"बाई, काय करून राहिल्या?"

"माहा नवस माहा मी पाहीन."

"सळई हलेल आतली."

"हलू दे. माहीच हलन."

"मी चालली ना पायी. आज खरी चालली."

"जाय. सडकेनं जाय नाही तर उडत जाय. मले आता कसं समजन?"

मी गेले. छोट्या लायनीवरूनच गेले, गिट्टीवरून, चालत. ज्या उतारावर वारा कानात शिरायचा तो उतार चालताना नुसता लांब होता. कटिंगमध्ये घोटा मुरगळला. देवापुढे उभी राहिले आणि त्या दिवशी मात्र पोरीशिवाय दुसरं काही मनात आलं नाही. परत आले तेव्हा जाऊ खाटेवर घामानं भिजून पडली होती, सून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तिच्या त्या चालण्याचं कारण मी होते. घोटा मी आपला आपणच बांधला.

ती दर शनिवारी तशी चालली. एकदा तोल गेला, मी धावले, तिनं माझा हात झटकला आणि तुळशीचा कट्टा धरला.

पोरीचं रक्त थांबलं, पण तिला अस्पतालातच निजवून ठेवलं होतं. महिना बाकी असताना ती बाळंत झाली. मुलगी. मूठभर होती. काचेच्या पेटीत ठेवली. ते दिवस आम्ही दोघी एका खोलीत बसून काढले, फोन मधे ठेवून. मी भेंड्या चिरायची, ती वाती वळायची. त्या मुलीला काही झालं असतं तर जाऊ काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. ती काहीच म्हणाली नसती.

मुलगी जगली. अंगावर प्यायला लागली, वजन धरलं. सव्वा महिन्यानंतर जावई दोघींना घेऊन आमच्याकडे आला. पुतणीचं तोंड उतरलेलं होतं पण डोळे हसत होते. बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि ती सरळ माझ्याकडे वळली, खाली वाकली.

"काकू, आई फोनवर सांगत होती. उन्हातान्हात दर शनिवारी तुम्ही पायी गेल्या. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

मी जाऊकडे पाहिलं. ती बाळाच्या टोपड्याची गाठ सोडत होती.

"उठ पोरी," मी म्हटलं. "मी..."

"होऊ दे ना नमस्कार मुकाट्यानं," जाऊ मधेच बोलली. पोरीला की मला, ते कळलं नाही. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी पोरगी आणि बाळ आत झोपली. आम्ही दोघी ओसरीवर. मी विचारलं, "तिला खरं काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू तिच्यासाठी गेली नाही असं सांगू? तिले एकच काकू आहे."

जावई अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होता. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा."

"मजा येत होती का व तुले, सायकलवर?"

या प्रश्नाला नाही म्हणणं सोपं होतं. पाय दुखत होते म्हणून बसले, नाइलाज होता, असं म्हणता आलं असतं, आणि म्हातारीनं ते मानलंही असतं.

"येत होती," मी म्हटलं.

"लय?"

"होय."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, जसं कोणी दुखण्याचं नाव ऐकून घेतं.

"नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि वॉकर ओढून, माझ्याकडे पाठ करून, नातीला पाहायला आत गेली.